घरचं पाखरू : नांदेड-लातूरकडील पक्षिपालनाचा मागोवा

नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत घरी पाळल्या जाणाऱ्या पक्ष्यांमध्ये आज लव्हबर्ड ठळकपणे दिसतात. एकेकाळी ही जागा राघूची होती. या दोन पाखरांतला फरक केवळ जातीचा नाही. राघू रानातून, शेताच्या बांधावरून यायचा. या मुलखाचे ऊन, पाणी आणि दाणे त्याच्या अंगवळणी पडलेले असत, त्यामुळे घरात पिंजऱ्यापलीकडे त्याची फारशी तजवीज होत नसे. लव्हबर्डच्या कितीतरी पिढ्या पिंजऱ्यातच जन्मल्या. त्याला बाहेर सोडले तर त्याचा निभाव लागत नाही आणि घरात आणले तर हवा, पाणी, दाणा, निवारा हे सगळे माणसालाच पुरवावे लागते. म्हणून राघूच्या काळात जवळजवळ नसलेली पूर्वतयारी लव्हबर्डच्या काळात या छंदाचा गाभा झाली.

गोदावरीच्या खोऱ्यात पोपट-मैनेचा सहवास फार जुना आहे. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेल्या ‘गाथासप्तशती’ या महाराष्ट्री प्राकृतातील संग्रहात आभाळातून उतरणारी पोपटांची रांग भेटते. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तील ६४ कलांमध्ये पोपट-मैनेला बोलायला शिकवणे ही एक स्वतंत्र कला आहे. संपन्न नागरिकाच्या घरी बोलके पाखरू असणे तेव्हा नवलाचे नव्हते. रात्रीमागून रात्र गोष्टी सांगून मालकिणीला घराबाहेर पडण्यापासून थोपवणारा ‘शुकसप्तती’तला पोपट पुढे मराठी गद्यात आला. त्याच कथांचा फारसी अवतार असलेल्या ‘तूतीनाम्या’ला गोवळकोंड्याच्या गव्वासी या कवीने सतराव्या शतकात दख्खनीचा पेहराव दिला. मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी उर्दू जिथे एकमेकींना भेटतात, त्या पट्ट्यात नांदेड-लातूर येतात. बोलक्या पोपटाच्या गोष्टी या मुलखाच्या मराठी आणि दख्खनी अशा दोन्ही परंपरांत आहेत. पैठणीच्या काठावरची मुनिया आणि पदरावरची तोता-मैनेची जोडी ही त्याच आवडीची विणलेली खूण होय.

पोपट पकडण्याची एक जुनी रीत ज्ञानेश्वरीत बारकाईने आली आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवासे येथे सांगितलेल्या या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात नळीवर बसलेल्या पोपटाचा दृष्टान्त आहे. पोकळ नळी दोरीत ओवून टांगलेली असते. पोपट तिच्यावर येऊन बसला की त्याच्या भाराने नळी गरकन फिरते आणि तो उलटा लोंबकळतो. त्याला कोणी धरलेले नसते, पाय मोकळेच असतात. पाय सोडले तर तो सहज उडून जाईल. पण पडण्याच्या भीतीने तो मान पिळवटतो, छाती आवळून घेतो, नळीला अधिकच घट्ट मिठी मारतो आणि आपण बांधले गेलो असे धरून चालतो. ज्ञानदेवांना सांगायचे होते ते अज्ञानाने स्वतःला जखडून घेणाऱ्या जिवाबद्दल. दृष्टान्त ऐकणाऱ्याला ओळखीचा असावा लागतो, त्यामुळे हा सापळा तेराव्या शतकातल्या मराठी श्रोत्यांना ठाऊक होता हेही त्यातून कळते. सापळ्याला ना जाळे लागे ना चिकटा. उलटे झाल्यावर पकड न सोडण्याच्या पक्ष्याच्या सवयीवरच तो उभा होता.

पाखरे धरण्याचे कसब पारधी समाजाकडे पिढ्यान्‌पिढ्या होते. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे किंवा तातीचे फासे मांडून तितर, लावे धरणे, पक्ष्याचा आवाज हुबेहूब काढून त्याला जवळ बोलावणे, पावलांच्या खुणांवरून वाट ओळखणे ही त्यांची विद्या होती. सय्यद सिराज-उल-हसन यांनी निजाम राज्यातील जातीजमातींवर लिहिलेल्या आणि १९२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात पारध्यांचे वर्णन आहे. पाळण्यासाठी मात्र मोठा पोपट धरण्यापेक्षा पिल्लू उचलणे सोपे पडे. हिवाळा सरता सरता पोपटांची वीण सुरू होते. जुन्या झाडांच्या ढोल्या आणि पडक्या भिंतींची भोके ही त्यांची घरटी. पंख फुटण्याआधीच पिल्ले काढून आणली जात. भिजवलेली हरभऱ्याची डाळ, पेरूची फोड आणि हिरवी मिरची यांवर ती वाढत. नराच्या गळ्याभोवतीचा काळा-गुलाबी कंठ साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत उमटतो. तो दिसेपर्यंत आपण आणलेला राघू आहे की मादी, याचा घरच्यांना अंदाजच बांधावा लागे.

हाच पक्षी शेतात मात्र शत्रू होता. ज्वारी हुरड्यात आली की पोपटांचे थवे कणसांवर उतरत आणि माळ्यावर बसलेला राखणदार गोफणीने त्यांना उठवी. शेतातून हुसकलेल्या पाखराचेच पिल्लू घरी लाडाने वाढे. पिंजरा लहान, गोल, वर कडी असलेला. वाड्याच्या ढाळजेत किंवा ओसरीच्या आढ्याला तो मांजराच्या उडीपासून उंच टांगलेला असे. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचे बोलणे सतत कानी पडे, म्हणून पोपट लवकर बोलू लागे. दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाचे छत यांमुळे उन्हाळ्यातही आत गारवा टिके. पक्ष्याची सोय कोणी मुद्दाम करत नव्हते. घराच्या बांधणीतच ती होऊन जात होती. पण जन्मभर पंख न उघडता येणारा तो पिंजरा पक्ष्याच्या दृष्टीने तुरुंगच होता, हेही नमूद केले पाहिजे.

निजामाच्या राजवटीत नांदेड आणि लातूर हे दोन्ही प्रदेश हैदराबाद राज्यात होते. त्या दरबारी संस्कृतीत कबूतरबाजी, तितर-बटेरांच्या झुंजी आणि बोलके पोपट यांना मान होता. हैदराबादेत चारमिनारजवळचा मुर्गी चौक पक्ष्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध झाला. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेमार्ग १९०० च्या सुमारास नांदेडवरून गेला आणि नांदेडची बाजारपेठ हैदराबादशी घट्ट जोडली गेली. लातूरला १९११ मध्ये बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग पोहोचला. त्यामुळे लातूरचा ओढा बार्शी-कुर्डुवाडीमार्गे पुणे-मुंबईकडे राहिला. पुढे पिंजऱ्यातले परदेशी पक्षी या भागात येऊ लागले, तेव्हा हैदराबाद आणि पुणे-मुंबई हीच त्यांची मोठी पेठ होती. याच राजवटीत, १९३१-३२ मध्ये, सालिम अली यांनी हैदराबाद राज्याच्या पक्ष्यांची पाहणी केली. पक्षी मोकळा असताना त्याच्याकडे पाहण्याची शास्त्रीय दृष्टी तिच्यामुळे या भूभागाला लाभली.

आज दुकानांत ‘साधे लव्हबर्ड’ म्हणून विकला जाणारा पक्षी मुळात ऑस्ट्रेलियाचा बजरीगर, म्हणजे बजी आहे. जॉर्ज शॉ यांनी १८०५ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि जॉन गूल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत पक्षी इंग्लंडला नेले. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या माळांवर पावसामागे हिंडणारा, गवताच्या बियांवर जगणारा हा हिरवा-पिवळा पक्षी पिंजऱ्यात सहज वीण घालतो, असे युरोपात लवकरच लक्षात आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बेल्जियममध्ये पिवळ्या आणि निळ्या रंगाचे बजी निपजले आणि रंगांची निवड करून जोड्या लावण्याचा छंद जगभर पसरला. पाळीव पक्ष्यांच्या इतिहासातला हा मोठा बदल होता. पोपटासाठी दर वेळी रानातली ढोली लुटावी लागे. बजीची गरज मात्र पाळणाऱ्याच्या घरातच भागू लागली. किंमत उतरली आणि राजेरजवाड्यांचा शौक साध्या घरांत आला.

दुकानात ‘आफ्रिकन लव्हबर्ड’ म्हणून ओळखला जातो तो खरा लव्हबर्ड. त्याच्या ९ जाती आहेत. ८ आफ्रिका खंडातल्या आणि १ मादागास्कर बेटावरची. गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड नामिबिया आणि अंगोलाच्या कोरड्या प्रदेशातला, तर लाल चोचीचा, डोळ्यांभोवती पांढरी कडी असलेला फिशर लव्हबर्ड उत्तर टांझानियातला. १९८०च्या दशकात टांझानियातून फिशर मोठ्या संख्येने पकडून निर्यात झाले आणि रानातली त्यांची संख्या घसरली. आज बाजारात दिसणारे बहुतेक लव्हबर्ड पिंजऱ्यात जन्मलेले असले, तरी या छंदाच्या मुळाशी ती लूट आहे.

भारतात चित्र पालटले ते कायद्याने. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९९१ साली दुरुस्ती झाली आणि पोपट-मैनेसह देशी पक्षी पकडणे व विकणे यांवर बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीने ही चौकट आणखी घट्ट केली. ओसरीवरचा राघू हा १९९१ पासूनच गुन्ह्याचा विषय आहे. पारधी समाजाची एक जुनी उपजीविकाही त्याबरोबर बंद झाली, पण तिच्या जागी दुसरे साधन पुरेशा प्रमाणात मिळाले नाही. ही या बंदीची दुखरी बाजू आहे. पक्षी पाळण्याची हौस मात्र संपली नाही. ती बजी, आफ्रिकन लव्हबर्ड, कॉकाटेल आणि फिंच यांच्याकडे वळली.

याच सुमारास घरेही बदलली. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जड भिंती कोसळून हजारो माणसे दगावली. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. माळवद आणि ढाळज मागे पडून सिमेंटची घरे वाढली. शहरांत सदनिका आल्या. ही घरे भूकंपाला तोंड देण्यासाठी हवीच होती, पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. पूर्वी पक्ष्याला आपोआप मिळणारा गारवा आता मुद्दाम पुरवावा लागतो. पूर्वतयारीचे महत्त्व वाढण्यामागे पक्ष्याइतकाच घराचाही हा बदल आहे.

तयारीची सुरुवात नेमका कोणता पक्षी आणायचा हे ठरवण्यापासून होते, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून असते. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, मिळून-मिसळून राहणारा. चोचीवरची मांसल पट्टी प्रौढ नरात बहुधा निळी आणि मादीत तपकिरी असते, त्यामुळे जोडी ओळखता येते. आफ्रिकन लव्हबर्ड अधिक भरीव आणि चोचीने जबर असतो. तो इतर लहान पक्ष्यांच्या पायांना चावे घेतो, म्हणून दोन्ही जाती एका पिंजऱ्यात ठेवू नयेत. गुलाबी चेहऱ्याच्या आणि फिशर या दोन्ही जातींत नर-मादी दिसायला सारखे असतात. खात्री करायची तर डीएनए चाचणी करावी लागते. बजी ५ ते १० वर्षे, तर लव्हबर्ड १० ते १५ वर्षे जगतो. लहान मुलाच्या हट्टासाठी आणलेला पक्षी ते मूल कॉलेजात जाईपर्यंत घरात असू शकतो.

कागदपत्रांची तयारीही आता याच टप्प्यावर करावी लागते. वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील ‘साइटिस’ कराराच्या यादीत बजी, कॉकाटेल आणि २००५ पासून गुलाबी चेहऱ्याचा लव्हबर्ड नाहीत. फिशर आणि इतर लव्हबर्ड मात्र आहेत. यादीतला पक्षी पाळणाऱ्याने २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंदणी करायची असते. जन्म, मृत्यू आणि हस्तांतरणही कळवायचे असते. पाळीव प्राणी विकणाऱ्या दुकानांनाही २०१८ च्या नियमांनुसार नोंदणी बंधनकारक आहे. नोंदणी असलेल्या दुकानातून पावती घेऊन पक्षी आणणे हा त्यामुळे खरेदीचा पहिला नियम ठरतो.

पिंजऱ्याच्या बाबतीत जुनी गोल घडण सोडून द्यावी लागते. लव्हबर्ड वर-खाली कमी आणि आडवे जास्त उडतात, म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. जोडीसाठी किमान अडीच ते तीन फूट लांब आणि दीड फूट रुंद पिंजरा हवा. दोन तारांमधले अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोके अडकते. पक्षी तारा कुरतडतात आणि जस्ताचा मुलामा पोटात गेला तर विषबाधा होते. म्हणून नवा पिंजरा व्हिनेगरने घासून, धुऊन उन्हात वाळवावा. एकाच जाडीच्या गुळगुळीत दांड्यांमुळे तळपायांना जखमा होतात; कडुनिंब, बाभूळ किंवा पेरू यांच्या कमी-अधिक जाडीच्या फांद्या बसवल्या तर पायांना व्यायाम मिळतो आणि कुरतडायला सालही मिळते.

घरट्याच्या बाबतीत दोन पक्ष्यांचे दोन स्वभाव आहेत आणि ते पाहण्यासारखे आहेत. बजी ढोलीत काहीही न अंथरता अंडी घालतो. भारतात त्याच्यासाठी कुंभाराचे लहान गाडगे वापरण्याची रीत रुळली. पोटाला बाजूने भोक पाडलेले हे गाडगे तारेने पिंजऱ्यात टांगतात. माती ओलावा शोषते आणि आतली उष्णता फार वाढू देत नाही, त्यामुळे मराठवाड्याच्या हवेत ते लाकडी पेटीपेक्षा उजवे ठरते. आफ्रिकन लव्हबर्डला मात्र पेटी आणि घरटे विणायला सामान लागते. गुलाबी चेहऱ्याची मादी नारळाच्या झावळीची किंवा कागदाची कड चोचीने ओळीने टोचत नेते, तिची सरळ पट्टी कापते आणि ती पाठीच्या खालच्या पिसांत खोचून उडत पेटीत घेऊन जाते. फिशर मादी तीच पट्टी चोचीत धरून नेते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात विल्यम डिल्गर यांनी या दोन जातींचा संकर केला. संकरित पक्षी पट्ट्या पिसांत खोचायला बघत, पण त्यांना ते जमत नसे. पुष्कळ धडपडीनंतर ते पट्टी चोचीत नेऊ लागले. घरटे बांधण्याच्या रीतीत उपजत भाग किती असतो, याचे हे उदाहरण प्राणिवर्तनाच्या अभ्यासात गाजले. पाळणाऱ्यासाठी त्यातून एवढेच निघते, की या पक्ष्याला ताजी झावळी मिळाली नाही तर त्याची एक मूळ गरजच अडून राहते. वीण नको असेल तर गाडगे किंवा पेटी टांगूच नये.

दाण्याची सोय या भागात सोपी आहे. दुकानातल्या मिश्रणात मुख्यतः राळे, बाजरी, भगर आणि थोडे सूर्यफूल किंवा करडई असते. राळे आणि भगर ही एकेकाळी मराठवाड्याच्या शेतकऱ्याच्या ताटातली धान्ये होती. सोयाबीन पसरल्यावर शेतातून ती मागे हटली आणि पक्ष्यांच्या खाद्यात उरली. सूर्यफूल-करडईत तेल फार, म्हणून ती चवीपुरतीच द्यावीत. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या पक्ष्याला जीवनसत्त्वे आणि कॅल्शियम कमी पडते. कोथिंबीर, मेथी आणि शेवग्याचा पाला धुऊन द्यावा, पिंजऱ्यात समुद्रफेसाचा तुकडा अडकवावा. कॅल्शियम कमी पडले तर मादीचे अंडे अडकून तिचा जीव जाऊ शकतो. कीड लागू नये म्हणून बोरिक पावडर लावलेले किंवा गोळ्या टाकून साठवलेले घरचे धान्य घालू नये. चॉकलेट, अ‍ॅव्होकॅडो आणि तळकट-खारट पदार्थ पक्ष्यांना विषारी किंवा घातक आहेत.

जागा निवडताना सर्वांत आधी उन्हाळ्याचा विचार करावा लागतो. नांदेड-लातूरकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या पुढे जातो. पक्ष्यांना घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे ही उष्माघाताची पहिली खूण. लव्हबर्डचे मूळ प्रदेशही कोरडेच आहेत, पण तिथे तो सावली गाठतो आणि दिवसातून अनेकदा पाण्यावर जातो. पिंजऱ्यात त्याला दोन्हींपैकी काहीच स्वतःहून शोधता येत नाही. पश्चिमेची भिंत आणि उन्हातला सज्जा टाळावा, खिडकीला ओले गोणपाट लावावे, पिण्याचे पाणी दिवसातून दोनदा बदलावे आणि आंघोळीसाठी उथळ मातीची परळ ठेवावी. २०१६ च्या दुष्काळात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईतही पक्ष्याच्या वाटीतले पाणी शिळे ठेवून चालत नाही. स्वयंपाकघर ही जागा सर्वांत वाईट. धूर तर असतोच, शिवाय नॉनस्टिक भांडे रिकामे तापले तर त्यातून निघणाऱ्या वायूने पक्षी काही मिनिटांत मरतात. पक्षी बाहेर काढायचा असेल तेव्हा छताचा पंखा बंद आणि खिडक्यांना जाळी हवी.

रोगाचा धडा जगाने महागात घेतला आहे. १९२९-३० मध्ये अनेक देशांत पसरलेल्या पोपटज्वराचा माग आयात केलेल्या पोपटांपर्यंत पोहोचला आणि नवा पक्षी काही काळ वेगळा ठेवण्याचा आग्रह वाढला. या भागालाही पक्षिरोगाची झळ बसली आहे. जानेवारी २०२१ मध्ये लातूर जिल्ह्यात कोंबड्यांना बर्ड फ्लू झाला आणि जानेवारी २०२५ मध्ये उदगीर शहरात कावळे त्याच रोगाने मेले. म्हणून नवा पक्षी घरातल्या जुन्या पक्ष्यांपासून सुमारे ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवावा, त्याची भांडी वेगळी ठेवावीत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. पिंजरा उघड्यावर असेल तर वरून झाकावा. कावळ्या-कबुतरांची विष्ठा आत पडता कामा नये. पक्षी आजार लपवतो. पिसे फुगवून बसला, विष्ठेचा रंग बदलला किंवा खाणे सुटले की वेळ घालवू नये. लहान पक्ष्यांवर उपचार करणारा डॉक्टर पक्षी आणण्याआधीच शोधून ठेवावा. लातूर जिल्ह्यात उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय हा त्यासाठी एक आधार आहे.

पक्षी सकाळी आणावा, म्हणजे अंधार पडण्याआधी त्याला पिंजरा, दाणे आणि पाणी ओळखीचे होतात. पहिले तीन-चार दिवस हात न लावता, पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला टेकवून त्याला शांत राहू द्यावे. दुकानात तो जे खात होता तेच आधी द्यावे आणि बदल हळूहळू करावा. रात्री १० ते १२ तास अंधार आणि निवांतपणा मिळावा. उन्हाळ्याच्या सुटीत घराला कुलूप लागणार असेल तर त्याचे कोण पाहणार, हेही आणण्याआधीच ठरवावे. कंटाळा आला म्हणून त्याला आकाशात सोडणे ही सुटका नव्हे. शिक्रा, कावळा किंवा भूक यांपैकी एकाच्या तावडीत तो लवकरच सापडतो. राघूला मोकळे केले तर परतायला त्याचे रान होते. लव्हबर्डला माणसाने रानापासून कायमचे तोडले आहे, त्यामुळे त्याच्या सगळ्या आयुष्याची हमी देण्याची तयारी असेल, त्यानेच त्याला घरी आणावे.